फिरत्या मेकॅनिकला लायसन्स कोणते लागते?

‘लायसन्स कुठे आहे?’ रस्त्याच्या कडेला गाडीचे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मेकॅनिकला हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. वॉर्ड ऑफिसचा माणूस विचारतो, हवालदार विचारतो, सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो. ज्याचे गिऱ्हाईक तुटले तो शेजारचा गॅरेजवालाही विचारतो. आमचा मेकॅनिक इंजिनचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस, पण या प्रश्नापुढे तो गप्प होतो. आपल्याकडे काहीतरी असायला हवे होते आणि ते नाही, अशी भीती त्याच्या मनात कायमची बसलेली असते. या भीतीची किंमत तो शंभर-दोनशेच्या नोटांत मोजत राहतो. ज्यांचा हा धंदा आहे, ज्यांची मुले आज हा धंदा शिकत आहेत, त्या बांधवांसाठी या प्रश्नाचे उत्तर एकदा स्वच्छ मांडले पाहिजे.

उत्तर असे की, आपल्या देशात मोटार किंवा मोटारसायकल दुरुस्त करण्यासाठी माणसाला कोणतेही लायसन्स लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात गाडी चालवणाऱ्याला लायसन्स आहे, कंडक्टरला आहे. ड्रायव्हिंग स्कूल आणि पीयूसी केंद्र चालवायलाही सरकारी मान्यता लागते. पाना हातात धरणाऱ्याला मात्र ‘आधी परवाना आण’ असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. घटनेच्या कलम १९(१)(छ) ने प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा किंवा धंदा करण्याचा हक्क दिला आहे. एखाद्या पेशासाठी शिक्षणाची अट घालण्याचा अधिकार सरकारला त्याच कलमाच्या सहाव्या खंडात आहे, आणि डॉक्टर-वकिलांसाठी तो वापरलाही गेला आहे. मेकॅनिकसाठी तो वापरलेला नाही.

मग महापालिकेचे लायसन्स म्हणतात ते काय? ते जागेचे आहे. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचे कलम ३९४ आहे, इतर शहरांसाठी १९४९ चा महापालिका कायदा आहे. ज्या धंद्यापासून आग, धूर, आवाज किंवा घाण यांचा उपद्रव होऊ शकतो तो एखाद्या जागेत करायचा तर त्या जागेसाठी परवाना घ्यावा लागतो. वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग, मशीन लावून चालणारे वर्कशॉप ही त्यातली कामे. थोडक्यात, परवाना जागेला लागतो, हाताला लागत नाही. फोन आला की पेटी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जाणारा, तिथे बॅटरी, प्लग, क्लचवायर बदलून परत फिरणारा मेकॅनिक या परवान्याच्या कक्षेत मुळात येत नाही, कारण त्याला जागाच नाही.

येथपर्यंत वाचून कोणी खुश होऊन पेपर मिटू नये, कारण पुढचे महत्त्वाचे आहे. लायसन्स लागत नाही म्हणजे कारवाई होऊ शकत नाही, असे नव्हे. रस्त्यावर गाडी उघडली आणि रहदारी अडली तर पोलीस अडथळ्याचा गुन्हा लावतात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ खाली होते आणि दंड फक्त दोनशे रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम २८५ मध्ये हाच दंड पाच हजारांपर्यंत गेला आहे. फुटपाथवर रोज एकाच कोपऱ्यात पेटी मांडली तर महापालिका अतिक्रमण म्हणून सामान उचलते. म्हणजे ‘लायसन्स कुठे’ असे विचारणारा बहुधा चुकीचा प्रश्न विचारत असतो, पण त्याच्या हातातला दंडुका खरा असतो. आपल्याजवळ त्याला दाखवायला काय आहे?

इथे एका कायद्याकडे आमच्या मेकॅनिक बांधवांचे लक्षच गेलेले नाही. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सगळे त्याला फेरीवाला कायदा म्हणतात, आणि फेरीवाला म्हटले की भाजीची हातगाडी, कपड्याची पथारी डोळ्यांपुढे येते. मेकॅनिकला वाटते, आपण कारागीर, आपला त्याच्याशी काय संबंध? परंतु या कायद्यातली पथविक्रेत्याची व्याख्या वाचावी. रोजच्या वापराच्या वस्तू विकणारा तर त्यात आहेच, शिवाय रस्त्यावर, फुटपाथवर किंवा सार्वजनिक ठिकाणी, एका ठिकाणी बसून किंवा फिरत राहून लोकांना सेवा देणाराही त्यात स्पष्ट शब्दांत आहे. पंक्चर काढणे ही सेवा आहे. क्लचवायर बदलणे ही सेवा आहे. मग फिरता मेकॅनिक या व्याख्येत का बसू नये? कायद्यात प्रमाणपत्राचे प्रकार सांगताना बैठा विक्रेता आणि फिरता विक्रेता असे दोन्ही सांगितले आहेत.

या व्याख्येत बसल्याने मिळते काय? सर्वेक्षणात नाव लागले तर नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवर विक्रीचे प्रमाणपत्र मिळते. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे वाटली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, असे कलम ३ म्हणते. हलवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. सामान उचलले तर त्याची यादी करून, सही करून ती त्या माणसाच्या हातात द्यावी लागते, आणि नाशवंत नसलेला माल फी भरून मागितल्यावर दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. पान्यांची पेटी हा नाशवंत माल नाही. किती मेकॅनिकांनी उचललेल्या पेटीची सहीची यादी मागितली असेल? आमच्या पाहण्यात तरी कोणी नाही. पेटी गेली की माणूस हळहळतो, उसने पैसे काढतो आणि बाजारातून नवे पाने आणतो.

या कायद्याला अटीही आहेत. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा, प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने द्यायचे नाही, आणि उपजीविकेचे दुसरे साधन नसावे. ज्याचे स्वतःचे पत्र्याचे गॅरेज आहे त्याने फुटपाथवर दुसरा हक्क सांगू नये. अंमलबजावणी किती रखडते हेही ठाऊक असू द्यावे. मुंबईत सर्वेक्षण २०१४ मध्ये झाले आणि समितीवरच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. तरीही कायद्याने सर्वेक्षण निदान पाच वर्षांतून एकदा व्हायचे आहे. पुढच्या खेपेला सर्वेक्षणाचा माणूस गल्लीत येईल तेव्हा भाजीवाल्याबरोबर मेकॅनिकनेही आपले नाव सांगितले पाहिजे. आपण फेरीवाले नाही या अभिमानापायी हातातला हक्क सोडणे परवडणारे नाही. २०२० पासून चालू असलेली पीएम स्वनिधी योजनाही याच पथविक्रेत्यांसाठी आहे. तिचा पहिला हप्ता आधी दहा हजारांचा होता, २०२५ मध्ये तो पंधरा हजार झाला. अर्थात हे कर्ज बँकेचे असते, त्यात व्याज येते. ज्यांना त्यात पडायचे नाही त्यांनी ते घेऊ नये. पण नाव नोंदवणे आणि कर्ज घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता बाकीचे कागद. ज्याला आपण ‘गुमास्ता’ म्हणतो त्या दुकाने व आस्थापनांचा राज्यात २०१७ चा नवा कायदा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरते. घराचा पत्ता देऊनही ती देता येते. त्याची पावती जवळ असली की बँकेत चालू खाते उघडताना उपयोग होतो. दुसरी उद्यम नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार क्रमांकावर होते आणि पूर्ण मोफत आहे. तरीही तिच्यासाठी पैसे उकळणारे एजंट आणि सरकारी वाटाव्यात अशा नकली वेबसाइटी भरपूर आहेत. घरात दहावी झालेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांच्याकडून अर्ध्या तासात हे काम होते. जीएसटीची भीतीही विनाकारण आहे. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. मात्र उलाढाल म्हणजे नुसती मजुरी नव्हे. स्पेअर पार्ट आपण विकत आणून बिलात लावले तर तीही रक्कम त्यात धरली जाते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावून पैसे घेणे तर सरळ बेकायदा आहे.

ज्यांनी आता पाऊल पुढे टाकून व्हॅन घेतली आहे, तीत कॉम्प्रेसर, जनरेटर आणि रॅक बसवून फिरते वर्कशॉप केले आहे, त्यांच्यासाठी मात्र नियम वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत फिरते वर्कशॉप हे परिवहन वाहनांच्या यादीत घातलेले आहे. म्हणजे ते घरगुती वापराच्या पांढऱ्या पाटीवर चालत नाही, परिवहन वाहन म्हणून नोंद लागते, फिटनेस लागतो, विमाही त्याच वापराचा लागतो. आरटीओला न विचारता गाडीच्या बांधणीत फेरफार करणे हा कलम ५२ चा भंग आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट याच ठिकाणी ठेवते. मोटारसायकलला पेटी बांधून फिरणाऱ्याला ही कटकट नाही. फक्त मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तिथे बंद पडलेल्या गाडीसाठी मोटारसायकलवर जाऊ नये, गिऱ्हाईक कितीही पैसे देत असले तरी.

आणि ट्रायल. दुरुस्तीनंतर गिऱ्हाइकाची गाडी एक फेरी मारून बघावीच लागते. त्या वेळी मेकॅनिकजवळ त्या वर्गाच्या वाहनाचे ड्रायव्हिंग लायसन्स पाहिजे. या धंद्यात खरोखर लागणारे लायसन्स हे एकच, आणि नेमके तेच कितीतरी जणांजवळ नसते! शागिर्दाला ‘जा, एक राउंड मारून ये’ म्हणणारे उस्ताद आपण रोज पाहतो. तो शागीर्द अठरा वर्षांखालचा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. ज्या गिऱ्हाइकाने विश्वासाने किल्ली दिली त्याच्यावर हे संकट आणणे हा सरळ विश्वासघात आहे. त्याहून वाईट, हाताखालचा मुलगा चौदा वर्षांच्या आतला असेल तर त्याला कामावर ठेवणे हाच गुन्हा आहे, वीस ते पन्नास हजार दंड किंवा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्हींचा. ‘शिकायला ठेवलाय, पगार कुठे देतो?’ ही सबब कोर्टात चालत नाही, आणि आम्हाला विचाराल तर घरातही चालू नये. पोराला शाळेतून काढून ग्रीसमध्ये हात घालायला लावणारा बाप धंदा शिकवत नसतो, त्याचे पुढचे सगळे दरवाजे बंद करत असतो. पुढे आयटीआयला जायचे तर शाळेचा दाखला लागतो.

आता मतभेदाचा मुद्दा. अनेक सुशिक्षित मंडळी म्हणतात की परदेशांप्रमाणे आपल्याकडेही मेकॅनिकला लायसन्स सक्तीचे करावे. जर्मनीत स्वतःचे वर्कशॉप काढायचे तर ‘माइस्टर’ ही पदवी लागते, कॅनडाच्या काही प्रांतांत प्रमाणपत्राशिवाय गाडीला हात लावता येत नाही. ब्रेकचे काम चुकले तर माणूस मरतो, मग परीक्षा नको का? हा युक्तिवाद हसून उडवून लावण्यासारखा नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगची कामे आमच्यातलेच काही लोक किती निष्काळजीपणे करतात हे आम्हाला ठाऊक आहे.

तरीही सक्तीच्या लायसन्सला आमचा विरोध आहे. असे लायसन्स आले की ते शाळेच्या इयत्तेला बांधले जाईल, हा आजवरचा अनुभव आहे. मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी आठवी पासची अट होती. चालवणाऱ्याचा हात कसा आहे यापेक्षा दाखला काय म्हणतो याला महत्त्व आले. शेवटी हरियाणा सरकारने मेवात भागाची अडचण मांडली, की तिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या चालवतात पण शाळेचा कागद नाही, आणि २०१९ मध्ये केंद्राने ती अटच काढून टाकली. मेवातच्या ड्रायव्हरची जी गोष्ट तीच कुर्ल्याच्या, भिवंडीच्या, मालेगावच्या मेकॅनिकची. दुसरे असे की, सक्तीचे लायसन्स पुष्कळदा भाड्याने दिले जाते. वायरमनचा परवाना भिंतीवर एकाचा असतो आणि शिडीवर दुसराच चढलेला असतो. औषधाच्या दुकानात प्रमाणपत्र कोणाचे आणि गोळ्या कोण देतो हे सर्वांना माहीत आहे. मेकॅनिकच्या लायसन्सचे वेगळे काही होणार नाही. ज्याच्याकडे डिप्लोमा तो घरबसल्या भाडे खाईल आणि ज्याच्या हातात कसब तो त्याचा नोकर होईल.

परीक्षा हवी, पण ती हाताची हवी आणि ऐच्छिक हवी. तशी सोय आज काही प्रमाणात आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्या कामाची चाचणी घेऊन दाखला देण्याचा मार्ग ठेवलेला आहे. उस्तादाकडे शिकलेल्या माणसाला दोन वर्षे वर्गात न बसता कागद मिळू शकतो. आपले लोक त्याकडे कमी वळतात, कारण दाखल्याने मजुरी वाढत नाही असे त्यांना वाटते. गावात कदाचित वाढत नसेल. आखातात जाणाऱ्याला मात्र फरक पडतो. सौदी अरेबियाने २०२२ च्या अखेरीस भारतातून येणाऱ्या कारागिरांची व्हिसाआधी चाचणी घेणे सुरू केले, आणि पहिल्याच तुकडीत प्लंबर, वेल्डर यांच्याबरोबर मोटारीचा इलेक्ट्रिशियनही होता. कोकणातल्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सरकारकडून जे मागायचे ते दुसरेच आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, सुतार, न्हावी, शिंपी, कुलुपे बनवणारा, मासेमारीची जाळी विणणारा असे सगळे आहेत. आनंद आहे. पण मोटार मेकॅनिक त्यात नाही. लोहाराच्याच भात्यातून निघालेला हा धंदा, त्याला प्रशिक्षण, हत्यारांची मदत आणि ओळखपत्र का मिळू नये? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. मोटारसायकललासुद्धा कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. आता कानाने रोग ओळखून भागत नाही, स्कॅनर लागतो, आणि चांगला स्कॅनर पान्यांच्या चार पेट्यांहून महाग असतो.

या स्कॅनरवरून आठवले. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला होता. कारण हेच, की कंपन्या आपले सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नव्हत्या. आयोगाने ती खुल्या बाजारात द्यायला सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचे घोंगडे भिजत पडले. पण स्वतंत्र मेकॅनिक हा बाजारातला कायदेशीर स्पर्धक आहे, त्याला अडवणे गैर आहे, हे तत्त्व देशाच्या आयोगाने लिहून ठेवले. बाहेर हात लावला की वॉरंटी गेली, असे धमकावणाऱ्या शोरूमवाल्याला हे कोणी ऐकवत नाही, कारण आपल्यालाच ते माहीत नसते.

आपल्या बाजूची दोन कामे राहिली. जळके ऑइल गटारात ओतणे बंद झाले पाहिजे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते येते, शिवाय ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे विकले जाते, फुकट जात नाही. कॅनमध्ये साठवावे, महिन्याला द्यावे. दुसरे, जुना पार्ट विकत घेताना कोणाकडून घेतला हे वहीत लिहावे. चोरीचा माल निघाला तर न्याय संहितेचे कलम ३१७ आपल्या गळ्यात येते, आणि पोलीस आधी कोणाच्या गल्लीत येतात हे आपण जाणतो. नाव, फोन, गाडीचा नंबर, काय काम केले, किती पैसे घेतले, एवढ्या पाच रकान्यांची साधी वही चालेल. सीएनजीच्या सिलिंडरला मात्र हात लावू नये. किट बसवणे आणि दर तीन वर्षांची सिलिंडरची चाचणी ही अधिकृत केंद्रांची कामे आहेत, आणि तिथे सरकारी परवाना खरोखर लागतो.

प्रत्येक शहरात मेकॅनिक शेकड्यांनी आहेत, पण रिक्षावाल्यांची असते तशी संघटना त्यांची क्वचितच दिसते. सुरुवातीला पंचवीस जणांनी मिळून पालिका आयुक्तांना एक अर्ज द्यावा: पथविक्रेत्यांच्या पुढच्या सर्वेक्षणात दुरुस्तीची सेवा देणाऱ्यांचा रकाना वेगळा ठेवावा, ज्यांची नावे आहेत त्यांना फिरत्या विक्रेत्याचे प्रमाणपत्र द्यावे, आणि पेटी उचलली तर यादी जागेवरच द्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नये. ‘लायसन्स कुठे आहे’ असे पुन्हा कोणी विचारले तर प्रमाणपत्र येईपर्यंत ती शिक्क्याची प्रत, उद्यमचा कागद आणि आपले ड्रायव्हिंग लायसन्स अशी तीन कागदांची पिशवी पेटीत वरच ठेवावी.